आधी गिऱ्हाईक, मग यंत्र

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी बोलावयास उभे राहिलेल्या पाहुणीने मंडळाची स्तुती करावी आणि खाली बसावे, असा रिवाज आहे. परंतु चिटणीसबाईंनी मला ती सवलत दिलेली नाही. त्यांनी नेमून दिलेला विषय अगदी रोकडा आहे. नावांचे व चित्रांचे सदरे छापण्याचा आणि स्टिकर करण्याचा घरधंदा सुरू करावयाचा असेल, तर आरंभीची साधने कोणती घ्यावीत, आणि ती थोडक्या पैशांत कशी घ्यावीत, हा तो विषय.

हा विषय आजच का निघाला, तेही मला ठाऊक आहे. आपल्यापैकी काहीजणींनी हा धंदा करण्याचे मनात घेतले आहे. कोणी भिशीचा नंबर लागण्याची वाट पाहत आहे, तर कोणी बांगड्या गहाण ठेवण्याचा विचार करीत आहे. बांगड्या पेढीत गेल्या म्हणजे त्या सुटेपर्यंत बाईच्या जिवाला स्वस्थता नसते. तेव्हा आज मी जे सांगणार आहे, ते त्या बांगड्या डोळ्यांसमोर ठेवूनच सांगणार आहे.

आपले गाव कापडाचे. मागांचा खडखडाट ऐकतच इथली मुले झोपतात आणि उठतात. पण मागावरून उतरलेले पुष्कळसे कापड कोरेच राहते, त्याचे तागे बांधले जातात आणि रंगाई-छपाईसाठी ते पुढे रवाना होतात. कोऱ्या कापडाचा भाव आणि त्यावर चार अक्षरे उमटल्यानंतरचा भाव, यांत जे अंतर असते त्यात घरी बसून काम करणाऱ्या बाईलाही थोडी मिळकत करता येईल, ही कल्पना काही वेडगळ नव्हे. मात्र या धंद्यात यंत्राचा क्रम तिसरा लागतो. पहिला गिऱ्हाइकाचा आणि दुसरा कापडाचा. यंत्रे विकणारे हा क्रम नेमका उलटा सांगतात, आणि तिथेच घरोघरच्या बायका फसतात.

प्रथम गिऱ्हाइकाचे पाहू. एक साधी वही घ्या आणि पुढच्या वर्षभरात आपल्या ओळखीत छापील सदरे वा स्टिकर कोणाकोणाला लागतील, ते नावानिशी लिहून काढा. श्रावणात गोविंदा पथकांना एकसारखे टी-शर्ट लागतात, पाठोपाठ गणेशोत्सवात मंडळांच्या कार्यकर्त्यांना लागतात. पावसाळा सरला की गावोगाव टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने सुरू होतात, तेव्हा नाव आणि क्रमांक घातलेल्या जर्सी लागतात. लग्नसराईत हळदीच्या रात्री सगळ्या गोतावळ्याने एका रंगाचे टी-शर्ट घालावेत, अशी हौस आता आगरी-कोळी घरांतून पुष्कळ दिसते. अंजूरफाटा, काल्हेर, पूर्णा, मानकोली या बाजूला गोदामांची रांग लागली आहे, तिथल्या कामगारांना आस्थापनेच्या नावाचे सदरे लागतात. आणि आपल्याच मंडळातल्या मसाला, पापड, लोणची करणाऱ्या भगिनींना बरण्यांवर लावावयास स्टिकर हवे असतात. ही यादी करण्यास एक पैसा लागत नाही. परंतु कोणते यंत्र घ्यावे हे तीच सांगते. वहीत दहा नावेही भरली नाहीत, तर यंत्राचे नाव काढू नये.

आता कापडाचे. आपण मागांच्या गावात राहतो म्हणून कापड घरचेच आहे, असे कोणी समजू नये. मागावरचे कापड उभ्या-आडव्या धाग्यांचे असते आणि टी-शर्टचे कापड होजियरीचे, म्हणजे फासे घालून गुंफलेले असते. ते सुती होजियरीचे सदरे बहुतांशी तमिळनाडूतील तिरुप्पूरहून येतात. कोरा सदरा हाती घेतला की पहिला प्रश्न असा, की हा सुती की पॉलिएस्टर? दुकानदाराच्या शब्दावर विसंबण्याचे कारण नाही. शिवणीच्या आतून एक धागा काढून चिमट्यात धरावा आणि पेटवावा. सुती धागा जळताना जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळतो आणि त्याची कठीण गोळी बनते. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात. ही परीक्षा आपल्या गावात पुष्कळांना ठाऊक आहे. छपाईच्या धंद्यात तिच्यावर सारे अवलंबून असते, कारण प्रत्येक पद्धत प्रत्येक कापडाला मानवत नाही.

पद्धती मुख्यतः चार आहेत. त्या एकेक करून सांगते.

पहिली, सर्वांत जुनी आणि सर्वांत स्वस्त, ती जाळीच्या फ्रेमची छपाई. इंग्लंडात सॅम्युएल सायमन याने १९०७ साली तिचे पेटंट घेतले. त्या काळी फ्रेमला रेशमी जाळी ताणीत, म्हणून अजून काही लोक तिला सिल्क स्क्रीन म्हणतात. आता जाळी पॉलिएस्टरची असते. जाळीवर प्रकाशाने घट्ट होणारे द्रावण अंधूक उजेडात लावतात. ते वाळल्यावर त्यावर काळ्या चित्राची पारदर्शक फिल्म ठेवून उजेड देतात. उजेड लागला तेथील द्रावण घट्ट होते, चित्राखालचे कच्चे राहते आणि पाण्याने धुतले की निघून जाते. मग फ्रेम कापडावर ठेवून रबरी पट्टीने, म्हणजे स्क्वीजीने, शाई ओढली की चित्र उमटते. कापडासाठी एका सेंटिमीटरला ४३ धाग्यांच्या आसपासची जाळी घ्यावी. कागद आणि स्टिकर यांना १०० ते १२० धाग्यांची बारीक जाळी लागते. फ्रेम, स्क्वीजी, द्रावण आणि शाई यांना यंत्राच्या मानाने अगदी थोडा पैसा लागतो. एका रंगाचे ५० वा १०० सदरे एकदम काढावयाचे असतील, तर यासारखी दुसरी पद्धत नाही. उणीव एवढीच, की प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम लागते; त्यामुळे पाच सदऱ्यांसाठी चार रंगांचे काम अंगावर घेऊ नये. आणखी एक सूचना. बायक्रोमेटचे जुन्या पद्धतीचे द्रावण कातडीला आणि श्वासाला अपायकारक असते. घरात मुले वावरतात, तेव्हा डायझो जातीचेच द्रावण मागून घ्यावे.

दुसरी पद्धत सब्लिमेशनची. यात खास शाईने कागदावर उलटे चित्र छापतात आणि तो कागद कापडावर ठेवून १९० ते २०० अंश सेल्सिअसच्या उष्णतेखाली मिनिटभर दाबतात. शाईची वाफ होऊन ती धाग्याच्या आतच शिरते. म्हणून असे चित्र बोटाला लागत नाही, त्याला भेगा पडत नाहीत आणि ते धुऊन जात नाही. पण ही किमया फक्त पॉलिएस्टरवर, आणि तीही पांढऱ्या वा फिक्या रंगावर चालते. सुती सदऱ्यावर तेच चित्र पहिल्या धुण्यात मान टाकते. वहीत क्रिकेटच्या संघांची नावे अधिक असतील, तर ही पद्धत उपयोगी पडेल. कारण जर्सी बहुधा पॉलिएस्टरच्याच असतात.

तिसरी पद्धत व्हिनाइल कापून चिकटविण्याची. रंगीत व्हिनाइलच्या पातळ पत्र्यातून अक्षरे व आकडे उलटे कापतात, नको असलेला भाग सुईने उचलतात आणि उरलेला कापडावर गरम दाबाने बसवितात. सदऱ्याच्या पाठीवर नाव आणि क्रमांक घालण्यास ही पद्धत उत्तम. कापणारे छोटे यंत्र मात्र स्वस्त नसते. ठळक आकडे आरंभी कात्रीने आणि धारदार पातीने कापता येतात, तेव्हा या यंत्राची घाई करण्याचे कारण नाही.

चौथी पद्धत अलीकडची, डीटीएफ नावाची. यात चित्र एका फिल्मवर छापतात, त्यावर चिकट पूड भुरभुरतात, ती तापवून वितळवितात आणि मग फिल्म सदऱ्यावर ठेवून सुमारे १५० ते १६० अंशांवर दहा-पंधरा सेकंद दाबतात. सुती असो की पॉलिएस्टर, पांढरा असो की काळा, कोणत्याही सदऱ्यावर हवे तितके रंग उमटतात. हे ऐकून पुष्कळजणींना डीटीएफचे छापयंत्रच घ्यावेसे वाटते. इथे मी जरा ठासून सांगते, की आरंभी ते घेऊ नका. त्यातल्या पांढऱ्या शाईतील रंग जड असतो. यंत्र रोज चालले नाही तर तो खाली बसतो आणि शाईची बारीक छिद्रे बुजतात. महिन्यातून चार दिवस काम असलेल्या घरात असे यंत्र म्हणजे दूध न देणारी म्हैस. चारा मात्र रोज घालावा लागतो. छापलेली फिल्म मीटरच्या हिशेबाने छापून देणारे व्यावसायिक आता पुष्कळ झाले आहेत. एका मीटरमध्ये आठ-दहा चित्रे दाटीवाटीने बसवून छापून आणावीत आणि घरी नुसती दाबावीत. छापयंत्राची निगा त्यांच्याकडे, सदऱ्याचा नफा आपल्याकडे.

आता ध्यानात आले असेल, की दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पद्धतीत एक साधन सामाईक आहे. ते म्हणजे गरम दाबाचे यंत्र, बाजारात ज्याला हीट प्रेस म्हणतात. फ्रेमने छापलेली शाई पक्की करण्यासही त्याचा उपयोग होतो. म्हणून पैसे खर्चून पहिले यंत्र घ्यावयाचे ते हेच. सुमारे ३८ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा सपाट तवा घरधंद्याला पुरतो. एकाच यंत्रावर कप, टोपी, बशी आणि सदरा असे सारे होते म्हणून सांगतात, त्या जोडसंचाच्या मोहात पडू नये. वहीत कपांची मागणी नसेल तर त्या भागांचे पैसे फुकट गेले, असेच समजावे. काही यंत्रांचे झाकण शिंपल्यासारखे उघडते, काहींचा तवा बाजूला फिरतो. पहिल्यास जागा कमी लागते. दुसऱ्यात तापलेला तवा हातावर येत नाही. घरात लहान मूल असेल तर दुसरा प्रकार बरा.

यंत्र घेताना दुकानातच तीन परीक्षा कराव्यात. कागदाच्या चार पट्ट्या तव्याच्या चार कोपऱ्यांत ठेवून झाकण दाबावे आणि एकेक पट्टी ओढून पाहावी. सर्व सारख्याच घट्ट असल्या तर दाब सारखा आहे, एखादी सहज निघाली तर तो कोपरा हलका आहे. दुसरी परीक्षा उष्णतेची. एकाच रंगाने भरून छापलेला सब्लिमेशनचा कागद आणि पांढऱ्या पॉलिएस्टर कापडाचा तुकडा बरोबर न्यावा. आपल्या गावात चिंध्यांना तोटा नाही. दाबल्यानंतर रंग सगळीकडे सारखा आला पाहिजे. जिथे फिका आला, तिथे तवा नीट तापत नाही. तिसरी परीक्षा आपल्या घराची. १५०० वॅटचे यंत्र साडेसहा अँपिअर वीज ओढते, ते पंख्या-दिव्याच्या लहान प्लगला कदापि लावू नये. १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला स्वतंत्र प्लग हवा, आणि तो वायरमनकडून तपासून घेतलेला असावा. खोलीची खिडकी उघडी ठेवावी. शाईची आणि पुडीची वाफ कोंडून ठेवणे बरे नव्हे.

स्टिकरचे गणित सोपे आहे. शाईच्या टाकीचा साधा छापयंत्र आणि चिकट पाठीचा व्हिनाइल कागद एवढ्यावर आरंभ होतो. शाई मात्र पाहून घ्यावी. डाय जातीची शाई पाण्याने पसरते. पिगमेंट जातीची टिकते. बरणीवर तेलाचा हात, फोडणीची वाफ आणि हळदीचे बोट लागणारच, म्हणून वरून पारदर्शक लॅमिनेशन चढवावे. सब्लिमेशनची शाई आणि साधी शाई एकाच यंत्रात आलटून पालटून घालता येत नाही, हेही ध्यानी ठेवावे. चौकोनी आणि गोल स्टिकर कात्रीने, पातीने आणि पट्टीने कापता येतात. खालचा कागद न कापता वरचा थरच कापणारे यंत्र, त्याच्या किमतीइतकी मिळकत स्टिकरांनीच करून दिल्यावर घ्यावे. खाण्याच्या जिनसांचा स्टिकर करताना गिऱ्हाइकाकडून जिनसाचे नाव, घटक, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, करणारीचा पत्ता, शाकाहाराची हिरवी खूण आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक लिहून घ्यावा. नुसते सुंदर फूल छापून बरणी दुकानात उभी राहत नाही.

आता पैशाचा हिशेब. आकडे उदाहरणादाखल घेते. आपापल्या बाजारभावाने ते बदलून घ्यावेत. समजा, हीट प्रेस १२,००० रुपयांचा आणि फ्रेमा, शाई, किरकोळ सामान ३,००० रुपयांचे, एकूण १५,०००. कोरा सदरा ११० रुपये, छापलेली फिल्म ४० रुपये, वीज आणि नासधूस १० रुपये. म्हणजे सदऱ्यामागे खर्च १६०. विक्री २३० रुपयांना झाली तर ७० रुपये उरले. यंत्राचे पैसे फिटण्यास सुमारे २१५ सदरे विकावे लागतील. महिन्याला सरासरी ३० सदरे खपले, तर सात-साडेसात महिने. आता दुसरी बाई दीड लाखाचा पूर्ण संच कर्जाने घेते असे धरू. तिला त्याच नफ्याने जवळजवळ २,१५० सदरे विकावे लागतील. म्हणजे महिना ३० प्रमाणे सहा वर्षे, आणि व्याज त्यावर निराळे. आणखी एक गोष्ट. या धंद्यातली कामे सणासुदीला एकदम येतात, मध्यंतरी महिना कोरडा जातो. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतोच, तो काही दहीहंडीची वाट पाहत नाही.

इथे एका धोक्याविषयी बोललेच पाहिजे. यंत्र आमच्याकडून घ्या, तयार झालेला सगळा माल आम्हीच विकत घेऊ, अशी जाहिरात करणारे लोक आहेत. उदबत्तीच्या, द्रोण-पत्रावळीच्या यंत्रांबाबत हे झाले आणि छपाईच्या यंत्रांबाबतही होते. पहिला लॉट घेतात, दुसऱ्यात खोट काढतात आणि तिसऱ्याच्या वेळी फोन उचलीत नाहीत. मी म्हणते, माल घेणारा खरोखरच असेल तर त्याने अर्धे पैसे आगाऊ द्यावेत आणि मगच आपण यंत्र घ्यावे. या एका वाक्यावर कोणाचा हेतू काय आहे, ते तत्काळ कळते.

कर्ज घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु नावाचा प्रकार आहे. त्यात ५०,००० रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळते. तेव्हा लहान यंत्रासाठी सोने पेढीत ठेवण्याआधी बँकेत जाऊन विचारावे. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. तिच्यासाठी दलालाला पैसे मोजू नयेत. आणि सिनेमातल्या पात्रांची चित्रे, नामांकित कंपन्यांची बोधचिन्हे, क्रिकेट संघांची मानचिन्हे परवानगीवाचून छापू नयेत. गिऱ्हाईक आग्रह करील, पण स्वामित्वहक्काचा १९५७ चा आणि व्यापारचिन्हांचा १९९९ चा कायदा छापणारीला धरतो. नावे, आकडे, गावदेवी, वारली पद्धतीची स्वतः काढलेली चित्रे, आपल्या बोलीतली मजेदार वाक्ये यांना कोणाची परवानगी लागत नाही, आणि गिऱ्हाइकालाही ती आवडतात.

कोणी म्हणेल, इतक्या थोडक्यात का कुठे धंदा उभा राहतो? १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला आणि पहिल्या दिवशी चार पाकिटे केली. तेच आजचे लिज्जत. त्यांनी आरंभी यंत्र घेतले नाही. पोळपाट-लाटण्यावर माल केला, तो खपतो की नाही ते पाहिले, आणि उसने पैसे फेडले. पुढचा सगळा व्याप त्या खपावर उभा राहिला.

म्हणून शेवटी मंडळापुढे एक सूचना मांडते. पाचजणींनी पाच यंत्रे घेण्याऐवजी मंडळाने शिलकेतून एकच हीट प्रेस घ्यावा आणि तो मंडळाच्या खोलीत ठेवावा. सदऱ्यामागे १० रुपये भाडे घेतले, तर १,२०० सदऱ्यांत यंत्राची किंमत वसूल होईल. दोघींनी शिकून घ्यावे, त्यांनी बाकीच्यांना शिकवावे. प्रत्येकीच्या नावाने एक पान ठेवावे. किती सदरे केले, किती बिघडले, किती विकले आणि उधारी किती राहिली, ते त्यावर लिहावे. नमुन्याचा सदरा पाच वेळा धुऊन पाहिल्यावाचून कोणाचीही मोठी मागणी घेऊ नये. जिच्या पानावर वर्षअखेर २०० सदऱ्यांची नोंद दिसेल, तिने खुशाल स्वतःचे यंत्र घ्यावे. जिच्या पानावर २० च दिसतील, तिचे काही बुडालेले नसेल. बांगड्या हातात असतील आणि कामही हाती आलेले असेल.

कार्यकारिणीने या सूचनेचा विचार करावा, अशी विनंती आहे.